अंतरपाट खाली येण्याआधी : घरच्या कार्यात फोननं चांगले फोटो आणि व्हिडिओ कसे काढायचे

माझ्या मामेबहिणीचं लग्न नागपुरात वर्धा रोडवरच्या एका लॉनवर होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मामी मांडवातून उठून मागे गेली. आमच्याकडे नवरीची आई मंगलाष्टकं ऐकत नाही, तुळशीला पाणी घालते. लॉनवर तुळस कुठली असणार, म्हणून मामानं घरची कुंडीच गाडीत घालून आणली होती. स्वयंपाकाच्या शेडमागे नळाजवळ ती कुंडी, समोर पाटावर मामी, हातात तांब्या. स्पीकरवरून प्रत्येक "सावधान" तिथंही पोचत होतं, आणि दर वेळी तिचा हात थोडा थांबायचा. दोन्ही शूटिंगवाले त्या वेळी स्टेजसमोर होते, आणि त्यांची जागा तीच होती. मी मामीचे चार फोटो घेतले. अल्बम जाडजूड आहे, पण बहिणीनं तिच्या घरात भिंतीवर लावलाय तो त्या चारांतला एक.

नव्यानं शिकणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगते. ठरवलेला फोटोग्राफर ज्या बाजूला तोंड करून उभा असतो, ती बाजू त्याच्यावर सोडा. त्याच्या पाठीमागे जे चाललेलं असतं ते तुमचं. हे एकदा पक्कं केलं की कुठं उभं राहायचं, काय टिपायचं आणि कशाच्या मागे धावायचं नाही हे आपोआप ठरतं. खाली जे लिहिलंय ते लग्न धरून लिहिलंय, कारण सगळ्या अडचणी एकाच दिवशी लग्नातच येतात. बारसं, मुंज, वास्तुशांती, साठीशांत यांना तेच लागू पडतं. शेवटाकडे रस्त्यावरच्या सणांबद्दलही लिहिलं आहे.

आदल्या रात्री

फोनमधली जागा मोकळी करा. कार्यात "स्टोरेज फुल" दिसलं की माणूस उभ्या उभ्या जुने फोटो पुसायला लागतो आणि घाईत नको ते पुसलं जातं. अंदाज असा धरा : १०८० रिझोल्यूशनचा व्हिडिओ, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी. तोच ४केमध्ये, म्हणजे त्याहून बारीक तपशिलाचा, घेतला तर १७० ते ३५० एमबी. म्हणजे ४केची दहा मिनिटं दोन-तीन जीबी सहज खातात. माझं मत विचाराल तर घरच्या कार्याला १०८० पुरेसं आहे. ४के फक्त दोन-चार प्रसंगांपुरतं ठेवा.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड चालू करा. पडद्यावर दोन आडव्या, दोन उभ्या रेघा येतात. मांडवाचा खांब उभ्या रेघेला समांतर ठेवला की फोटो तिरका येत नाही, इतका साधा उपयोग आहे, पण तेवढ्यानंच निम्मे फोटो सुधारतात. चेहरा गुळगुळीत करणारं ब्युटी सेटिंग बंद करा. हळदीत त्याचं नुकसान लगेच दिसतं : गालावरची हळद, तिचे ओरखडे, बोटांचे ठसे हे सगळं ते पुसून टाकतं आणि नवरी पिवळ्या मेणाची बाहुली दिसते.

फोन पूर्ण चार्ज, सोबत १०,००० एमएएचची पॉवर बँक, आणि तिची वायर विसरायची नाही. एक मऊ सुती रुमाल फक्त लेन्ससाठी. तो हात पुसायला कुणालाही द्यायचा नाही. आणि घरात विचारून घ्या : कार्यक्रमाचा क्रम काय, मुहूर्त किती वाजताचा, देवक घरी बसणार की लॉनवर, पाठवणी कुठल्या दारातून. वहीत लिहा. पुढे काय होणार हे ज्याला माहीत असतं तोच आधी जाऊन जागा धरतो.

ऊन आणि गरम झालेला फोन

आपल्याकडे हे वेगळं सांगावंच लागतं. नागपुरात मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि लग्नं तर त्याच महिन्यात. अ‍ॅपलनं आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश हे हवामान सांगितलंय. बाकीच्या फोनांचीही प्रकृती फार वेगळी नसते. त्यातून व्हिडिओ काढताना फोन स्वतः तापतो. मी एका चुलतभावाच्या लग्नात सकाळी दहापासून वरातीचं सलग शूटिंग केलं, उन्हात, चार्जिंगची वायर लावून. अंतरपाट धरला, मी फोन वर केला आणि पडद्यावर तापमानाची सूचना आली. कॅमेरा उघडेना. तो क्षण माझ्या फोनमध्ये नाही. काकूनं अजून कधी विचारलं नाही, पण मला ते लागलं आहे.

तेव्हापासून मी काही गोष्टी कटाक्षानं पाळते. उन्हात चार्ज करत शूटिंग करत नाही. वरातीचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे घेते आणि मधल्या वेळात फोन ओढणीखाली किंवा पिशवीत, सावलीत ठेवते. जाड कव्हर काढून ठेवते, पडद्याचा उजेड गरजेपुरता ठेवते. मुहूर्ताच्या आधीचा अर्धा तास कॅमेरा उघडतच नाही. फोन तापलाच तर पंख्यासमोर धरायचा. बर्फावर किंवा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, आत ओल धरते आणि मग लेन्स आतून धुरकट होते.

कूलरचंही लक्षात ठेवा. लॉनवर ते मोठे डेझर्ट कूलर लावलेले असतात. त्यांच्या थेट झोतात उभं राहिलं की पाण्याचे बारीक तुषार लेन्सवर बसतात, आणि व्हिडिओत कूलरच्या घरघरीखाली बाकी सगळं दबून जातं. दोन कूलरच्या मधली जागा शोधा.

आधी उजेड पाहा, मग माणूस

एवढी एक सवय लागली तरी फोटो बदलतील. कुणाचा फोटो काढायचाय, तर त्याच्याकडे बघण्याआधी बघा उजेड कुठून येतोय. उजेड चेहऱ्यावर पडायला हवा. माणूस दाराकडे किंवा खिडकीकडे पाठ करून बसला असेल तर चेहरा काळा येणारच. अशा वेळी त्याला थोडं वळवा, किंवा तुम्ही दाराच्या बाजूला जा.

दुपारच्या उन्हाची गोष्ट वेगळी. नागपूर २१ अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी जवळजवळ नेमका डोक्यावर येतो. शून्य सावली दिवस म्हणतात तो हाच. साधारण सव्वाबाराला सावली पायाखाली नाहीशी होते. अशा उन्हात माणसाचे डोळे दोन काळे खड्डे दिसतात, नाकाची सावली ओठांवर येते, शिवाय कुणी डोळे नीट उघडू शकत नाही. उन्हात ग्रुप फोटो काढायचा हट्ट सोडा. झाडाच्या, इमारतीच्या सावलीत सगळ्यांना घ्या, पण सावलीच्या अगदी कडेशी, तोंडं उघड्या बाजूकडे. समोरच्या उन्हानं उजळलेल्या जमिनीवरून मऊ उजेड चेहऱ्यांवर येतो. हा उजेड फुकटचा आहे आणि कुठल्याही लाइटपेक्षा चांगला आहे.

संध्याकाळचा मुहूर्त असेल तर नशीबच. गोरज मुहूर्ताची वेळ म्हणजे सूर्य टेकायची वेळ, मेअखेर पावणेसातच्या आसपास, डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास. त्याआधीचा अर्धा-पाऊण तास उजेड तिरपा, पिवळसर, मऊ असतो. आजीआजोबांचे, मुलांचे, नवरीच्या मैत्रिणींचे जे सुटे फोटो काढायचेत ते याच वेळात उरका. नंतर स्टेजचे लाइट लागले की तो रंग परत मिळत नाही.

मांडवाच्या कापडाकडेही बघा. लाल कनातीखाली सगळे लालबुंद दिसतात, पिवळ्या छताखाली आजारी. फोन रंग सावरायचा प्रयत्न करतो आणि दर फोटोत वेगळा सावरतो. हळद शक्यतो कापडाबाहेर, अंगणात किंवा गच्चीवर सावलीत करायला सुचवा. करवल्यांना आदल्या दिवशी सांगितलं तर त्या आनंदानं जागा बदलतात.

बोट कुठं ठेवायचं

पडद्यावर चेहऱ्यावर एकदा बोट टेकवा. फोन तिथं फोकस करतो आणि तिथला उजेड मोजतो. बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह किंवा पट्टी येते. बोट खाली सरकवलं की फोटो गडद, वर सरकवलं की उजळ. स्टेजवर मागे पांढरे दिवे असतात म्हणून चेहरे काळे पडतात, तिथं थोडं वर. पांढरी शेरवानी किंवा टोपी चकाकून सपाट दिसत असेल तर थोडं खाली. बोट तसंच दोन सेकंद दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही तिथंच लॉक होतात. व्हिडिओला हे फार कामाचं आहे. नाहीतर कुणी मधून गेलं की चित्र उजळतं, मळकट होतं, परत उजळतं.

दोन बोटांनी ताणून झूम करू नका. तो झूम म्हणजे तोच फोटो कापून मोठा केलेला असतो. पडद्यावर २ किंवा ३ असा आकडा असेल तर तिथवर ठीक, त्यापुढे चार पावलं पुढे चला. कार्य आपल्याच घरचं आहे, पुढे जायला कुणी अडवत नाही. ०.५ची रुंद लेन्स मांडव, रांगोळी, पंगत दाखवायला छान, पण तिच्या कडेला माणूस उभा करू नका. कडेचे चेहरे आणि दंड ताणले जातात आणि बिचारी मावशी उगाच दुप्पट दिसते.

पोर्ट्रेट मोडबद्दल माझा एक आग्रह आहे : मुंडावळ्या बांधलेल्या असताना तो वापरू नका. मागचं धूसर करताना माणसाची कड कुठं संपते हे फोन अंदाजानं ठरवतो. मुंडावळीची बारीक माळ गालापासून थोडी सुटलेली लटकत असते. फोनला ती मागच्या गर्दीचा भाग वाटते. मोत्यांची अर्धी ओळ धूसर होते, अर्धी शिल्लक राहते, आणि गजऱ्यातून सुटलेले केस तर गायबच. साध्या मोडमध्ये जवळ जाऊन २ वर काढा. माळेतला मोती न् मोती दिसेल, आणि गालावरून ओघळलेला घामाचा थेंबसुद्धा.

फ्लॅश बंद. अंतर जास्त असेल तर त्याचा उजेड पोचत नाही, जवळ असेल तर चेहरा पांढराफटक करतो, आणि ठरवलेल्या फोटोग्राफरच्या फोटोतही तो मधेच चमकतो. रात्री अंधारात फोन नाइट मोड लावतो, म्हणजे एकाच फोटोसाठी एक-दोन सेकंद उजेड गोळा करतो. रोषणाईला उत्तम. नाचणाऱ्या माणसांना नाही, ती हलून पुसट येतात. तिथं नाइट मोड बंद करून दिव्याखाली माणूस येईपर्यंत थांबा.

अंतरपाटाचा अर्धा मिनिट

सगळ्या लग्नात चुकू नये असा एकच क्षण. त्याची तयारी पाच मिनिटं आधी करायची.

नवरदेव आणि नवरी समोरासमोर, मधे अंतरपाट. दोघांचे चेहरे एका फोटोत हवे असतील तर अंतरपाटाच्या कडेच्या रेषेत उभं राहावं लागतं, म्हणजे कापड तुम्हाला उभ्या रेघेसारखं दिसेल आणि दोन्ही बाजूंना एकेक चेहरा. ही जागा शूटिंगवाल्यांचीही असते. त्यांना अडवू नका. त्यांच्या पायांपाशी, खाली बसा. खालून वर पाहताना मागची गर्दी कमी होते, मांडवाचं छत येतं, अक्षता वरून पडताना दिसतात. मुहूर्ताआधी त्यांना एकदा विचारलंत, "दादा, मी इथं खाली बसू का?" तर कुणी नाही म्हणत नाही.

खूण लक्षात ठेवा. मंगलाष्टकं कितीही लांबली, मामे-मावश्यांनी स्वतः रचलेली म्हटली, तरी शेवटी गुरुजी "तदेव लग्नं सुदिनं तदेव" म्हणतात. ते कानावर पडलं की व्हिडिओ सुरू करा. त्यानंतर काही सेकंदांत शेवटचं "सावधान", अंतरपाट उत्तरेकडे सरतो, वाजंत्री कडाडते, अक्षतांचा पाऊस आणि हार. व्हिडिओ चालू ठेवून मधेच पडद्यावरचं पांढरं बटण दाबलं तर बहुतेक फोन फोटोही घेतात. हार घातल्यावर लगेच थांबवू नका. त्यानंतरच्या दहा सेकंदांत नवरीच्या चेहऱ्यावर जे येतं ते हारात नसतं.

अक्षता संथ गतीनं पडताना हव्या असतील तर स्लो मोशन वापरता येतं, पण फक्त दिवसाउजेडी. सेकंदाला १२० किंवा २४० फ्रेम घ्यायच्या म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड फार कमी मिळतो, संध्याकाळी चित्र दाणेदार येतं. आणि त्यात आवाज बिघडतो. तेव्हा मुख्य फोनवर साधा व्हिडिओ, आणि स्लो मोशन भाच्याच्या फोनवर.

तो क्षण झाला की पाठ फिरवा. स्टेजकडे सगळे फोन असतात. मागे वळून पाहा : डोळे पुसणारा मोठा भाऊ, खांद्यावर घेतलेलं झोपलेलं मूल, पहिल्या ओळीत काठीवर हनुवटी टेकवून बसलेले आजोबा. त्यांना हाक मारू नका, "इकडे बघा" म्हणू नका. "काय फोटो काढून राहिली बाप्पा माह्या," असं आजोबा म्हणाले तर हसून अजून एक काढा. दुसरा नेहमी चांगला येतो.

व्हिडिओ : मनात दहा म्हणा

नवशिक्याचा व्हिडिओ एकतर दोन सेकंदांचा असतो नाहीतर बावीस मिनिटांचा. फोन दोन्ही हातांनी धरा, कोपर पोटाला टेकवा, बटण दाबा आणि मनात एक ते दहा म्हणा. फोन हलवू नका. माणसं हलू द्या. मग थांबवा, जागा बदला, पुन्हा दहा. एकच प्रसंग तीन तुकड्यांत घ्या : लांबून सगळी जागा, मग माणसं, मग अगदी जवळून हात. मेंदी काढणारीचा कोन, पुरणाच्या पातेल्यातला डाव, ओटीत पडणारे तांदूळ. पुढे कुणी हे जोडलं तर त्याचा आपोआप छोटा चित्रपट होतो.

उखाणे, आशीर्वादाची चार वाक्यं, सासऱ्यांचं बोलणं, पाठवणीची गळाभेट हे मात्र तुकड्यांत घ्यायचं नाही. सलग.

आडवा की उभा? घरच्या टीव्हीवर बघायचं असेल ते आडवं, स्टेटसला टाकायचं ते उभं. एका प्रसंगात दोन्ही मिसळू नका, एवढंच.

एलईडी स्टेजवर व्हिडिओत काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात, किंवा सगळं लुकलुकतं. फोन बिघडला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतो, तो हिशेब त्यांच्याशी जुळत नाही. सेटिंगमध्ये फ्लिकर किंवा अँटी-फ्लिकर असेल तर ५० हर्ट्झ निवडा. प्रो मोड (सेटिंग हातानं बदलता येतं तो) असेल तर शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. सेकंदाला २५ फ्रेमचा पर्याय असेल तर तो आपल्या विजेला बरा जुळतो. काही स्वस्त दिव्यांवर यातलं काहीच चालत नाही, तेव्हा थोडं सरकून त्यांच्याकडे पाठ करायची.

डीजेच्या लेसरपासून मात्र जपा. लेसरचा किरण थेट लेन्समध्ये गेला तर कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा जळू शकतो, नंतर प्रत्येक फोटोत ठिपका किंवा रेघ राहते. किरण लोकांवर फिरत असतील तर फोन खाली घ्या, किंवा स्टेजकडे पाठ करून नाचणाऱ्यांना टिपा.

आवाज

व्हिडिओ थोडा धूसर असला तरी माणसं बघतात. आवाज ऐकू येत नसेल तर अर्ध्यावर सोडतात. आणि वीस वर्षांनी आजीचा चेहरा फोटोत सापडेल, तिचा आवाज कुठं सापडणार?

फोनचा माइक बहुधा खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो. आडवा धरताना नेमका तिथं तळवा येतो. एकदा घरी बोलून तपासा. बोलणाऱ्यापासून दोन हातांवर जा. चार पटींनी लांब गेलात तर झूमनं चेहरा जवळ येईल, आवाज येणार नाही. ढोल-ताशा, संदल, डीजे यांच्या समोर उभं राहू नका, आवाज फाटतो. बाजूला, पंधरा-वीस पावलं लांब, मधे माणसं असू द्या.

माझी आवडती युक्ती : घरातला जुना फोन विमान मोडवर टाकून त्यात व्हॉइस रेकॉर्डर चालू करायचा आणि मंगलाष्टकांच्या वेळी गुरुजींच्या पाटाजवळ, फुलांच्या ताटाआड ठेवून द्यायचा, त्यांना विचारून. आवाज स्वच्छ येतो. नंतर व्हिडिओला जोडता येतो. नुसता ऐकला तरी अंगावर काटा येतो. तुमचा मुख्य फोनही मुहूर्ताच्या वेळी विमान मोडवर असू द्या. नेमका तेव्हाच केटररचा फोन येतो आणि काही फोनांत रेकॉर्डिंग तिथंच तुटतं.

रस्त्यावरचे सण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे सकाळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, आणि संध्याकाळी तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैल घेतलेल्या मुलांचा पोळा. शिकायला यापेक्षा चांगला दिवस नाही.

काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. इतवारीच्या अरुंद रस्त्यांत खच्चून गर्दी असते, "घेऊन जा गे मारबत" ची आरोळी चालू असते, आणि पुतळे इतके उंच की जवळून मावत नाहीत. गर्दीत घुसण्याऐवजी सकाळी लवकर जाऊन एखाद्या ओळखीच्या दुकानाचा ओटा किंवा पहिल्या मजल्याची गॅलरी धरा, मालकाला विचारून. रस्ता वळतो ती जागा सगळ्यात चांगली, तिथं मिरवणूक समोरून येताना दिसते. पुतळा आणि खालची माणसं दोन्ही एकत्र आली तरच उंची कळते. बडग्यांवरच्या, म्हणजे मारबतीसोबतच्या पुतळ्यांवरच्या, पाट्या वाचता येतील असा एक फोटो हवाच, पुढच्या वर्षी तोच सगळ्यात बोलका ठरतो. पाऊस असतोच. फोनला पारदर्शक पिशवी आणि दोरी लावून गळ्यात. पण लेन्ससमोरचं प्लास्टिक फाडून ठेवा, नाहीतर सगळं दुधाळ येतं.

तान्ह्या पोळ्याला गुडघ्यावर बसा. मूल आणि त्याचा लाकडी बैल तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर आले पाहिजेत. उभ्यानं काढलेल्या फोटोत फक्त डोक्याचे भोवरे दिसतात. सजवलेल्या मुलांना ओळीत उभं करून झाल्यावर खरा फोटो येतो : चाक निघालेला बैल दुरुस्त करणारं पोर, बोजारा, म्हणजे त्या दिवशीचा खाऊ-पैसा, मिळाल्यावर मूठ उघडून पाहणारं पोर.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गेलात तर रात्रीच्या उजेडात स्तूपाचा पांढरा घुमट फोनमध्ये नुसता पांढरा ठिपका होतो. घुमटावरच बोट टेकवा आणि उजेड खाली ओढा, घुमटाची गोलाई दिसेपर्यंत. फोन वर तिरका केला की घुमट मागे कलतो. शक्य तितकं मागे जा आणि फोन सरळ उभा धरा. आणि इथं आधी माणसांचा मान. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं दीक्षा दिली तिथं दूरदूरच्या गावांहून माणसं वाट तुडवत येतात, रात्री मैदानात पथारी टाकून झोपतात. झोपलेल्या, जेवणाऱ्या, डोळे मिटून वंदना करणाऱ्या माणसाच्या तोंडावर फोन धरायचा नाही. थोडं बसा, बोला, "ताई, फोटो काढू का?" असं विचारा. विचारून काढलेल्या फोटोत माणूस तुमच्याकडे बघतो. पुस्तकांच्या दुकानांसमोरची गर्दी, हातातली नवी पुस्तकं, उघडून तिथंच वाचणारं पोरगं, हे शोधा.

रामनवमीच्या शोभायात्रेत, पोद्दारेश्वर राम मंदिराकडून चित्ररथ निघतात तेव्हा, दिवे प्रखर आणि रस्ता अंधारा असतो. बोट उजळलेल्या चेहऱ्यावर, रस्ता काळा पडला तर पडू द्या.

टाकण्याआधी, वाटण्याआधी

त्याच रात्री, थकवा असला तरी, फोन चार्जिंगला लावून निवड करा. मिटलेले डोळे, हललेले, एकाच जागेचे दहा सारखे, हे लगेच काढा. चारशेतून साठ ठेवले तर ते साठ लोक बघतात. एडिटिंगमध्ये मी तीनच गोष्टी करते : सरळ करणं, कडेचं कापणं, थोडा उजेड. रंग भडक करत नाही. पैठणीचा जांभळा जांभळाच राहायला हवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखे पाठवले की ते दाबून लहान केले जातात. बहिणीला मूळ फोटो हवे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जाते. गुगल फोटोजमध्ये एक अल्बम करून त्याची लिंक घरच्या ग्रुपवर टाकणं त्याहून सोपं. मोफत जागा १५ जीबी आहे, पण तीत जीमेल आणि ड्राइव्हही येतात. शिवाय एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा घरच्या कॉम्प्युटरवर. फोन चोरीला जातात, पाण्यात पडतात.

रडतानाचे, जेवतानाचे, लहान मुलांचे आणि साडी नेसतानाच्या खोलीतले फोटो उघड्यावर टाकू नका. ज्याचा फोटो आहे त्याला, मूल असेल तर त्याच्या आईला, आधी दाखवा. ती "नको" म्हणाली की विषय संपला, कारण विचारायचं नाही.

आणि थोडे फोटो कागदावर काढा. ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटला १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. दहा वर्षांपूर्वीच्या फोनचा फोटोही नीट येतो, फक्त मूळ फाइल द्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको. आजीला फोनचा पडदा दिसत नाही, हातातला कागद ती खिडकीशी नेऊन बघते. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहा, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचं नाव, नातं, गाव, तारीख. मामीच्या फोटोमागे मी लिहिलंय : "मंगलाष्टकं चालू असताना, तुळशीपाशी."